तीन खणांची ओटी

प्रश्न : चिपळूणचं आमचं जुनं घर उतरवून नवं बांधायचं ठरलं आहे. जागा दोन गुंठे. जुन्या घराचं जांभ्याचं २० बाय २५ फुटांचं जोतं अजून भक्कम आहे, ते तसंच ठेवायचा विचार आहे. २०२१ च्या पुरात घरात पाणी शिरलं होतं, फ्रिज तरंगत होता, म्हणून वर सामान ठेवायला माळा हवा. पुढे तीन खणांची ओटी हवी, आईच्या वेळी होती तशी. माझा भाचा पुण्यात कॉम्प्युटरमध्ये आहे. तो म्हणतो, "मावशी, आर्किटेक्टला कशाला पैसे देतेस? एआयशी मराठीत बोल, तो नकाशा काढून देईल. नाही आवडला तर बदल म्हणायचं." नुसतं बोलून घर निघतं का हो? की हे सगळं चित्रातलं? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : ताई, भाचा निम्मं खरं सांगतोय. उरलेल्या निम्म्यात तुमच्या आईची ओटी हरवण्याची शक्यता आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पत्र मिळालं त्याच रविवारी मी ते, तुमचं नाव आणि सर्व्हे नंबर वगळून, जसंच्या तसं एका बोलक्या प्रोग्रामसमोर टाइप केलं. चहा निवायच्या आत उत्तर आलं. मराठी अदबशीर होतं. आधी नव्या घराबद्दल अभिनंदन, मग खोल्यांची यादी, आणि यादीच्या तळाशी ही सूचना : ओटीसाठी लागणारे तीन खण, नारळ आणि तांदूळ ठेवायला बैठकीत एक छोटं कपाट करून घ्यावं.

हसू आलं, पण चूक कशी झाली ते बघण्यासारखं आहे, कारण या यंत्राचं सगळं गुपित त्यात आहे. भाषेवर चालणारा हा प्रोग्राम अफाट मजकूर वाचून एवढंच शिकलेला असतो, की कुठल्या शब्दांशेजारी कुठले शब्द येतात आणि आता पुढचा शब्द कोणता यायचा संभव जास्त. मराठी मजकुरात ओटी आणि खण शेजारी आले की पुढे नारळ येतोच. घराच्या ओटीवर आपण लिहिलंय किती? भरायच्या ओटीवर किती? हळदीकुंकवाच्या मजकुरानं ओटीवर ताबा मिळवला, आणि खण म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, हे जुन्या सुतारांचं माप चोळीच्या कापडाखाली दडपलं गेलं. कोल्हापूरकडचा कुणी "सोप्यात झोपाळा" म्हणाला (तिकडे ओटीला सोपा म्हणतात) तर त्याला सोपा झोपाळा मिळायचा. त्यातून देवनागरी शब्द गिळताना ही यंत्रं त्याचे इंग्रजी शब्दापेक्षा जास्त तुकडे करतात, तो भाग वेगळाच.

मी समजावून सांगितलं. ओटी म्हणजे घरापुढची उघडी बसायची जागा, खण म्हणजे खांबाखांबांतलं अंतर. त्यानं दिलगिरी व्यक्त केली (हे काम त्याला फार छान जमतं) आणि नवी यादी दिली. बैठक १२ बाय १४ फूट, स्वयंपाकघर १० बाय १०, झोपायची खोली ११ बाय १२, देवघर ४ बाय ५, न्हाणीघर ५ बाय ८, जिना ७ बाय १०. वाचायला झकास. कागदावर बेरीज केली तर ५३० चौरस फूट. तुमचं जोतं ५००. आणि ओटी अजून यादीत आलेलीच नाही.

हे दाखवल्यावर पुन्हा दिलगिरी. या वेळी त्यानं जिना काढून टाकला. माळा मात्र राहू दिला. बेरीज ४६० झाली, ५०० पेक्षा कमी, तेवढ्यानं त्याचं समाधान झालं. माझं झालं नाही, कारण चिऱ्याची बाहेरची भिंत नऊ इंच धरली तरी आत साडेअठरा बाय साडेतेवीस, म्हणजे जेमतेम ४३५ चौरस फूट उरतात. शब्दांना जाडी नसते, भिंतीला असते. "बैठक, शेजारी स्वयंपाकघर, मागे झोपायची खोली" हे वाक्य कितीही लांबवता येतं. तिसऱ्या खोलीनंतर ते जोत्याबाहेर गेलं, हे वाक्याला कळत नाही.

मी स्वतः ऐन उमेदीची काही वर्षं ड्रॉइंग बोर्डवर काढली आहेत. ट्रेसिंग पेपर, रॉट्रिंगचं पेन, चुकलं की ब्लेडनं हलकेच खरवडायचं, आणि प्रिंट काढायच्या खोलीत अमोनियाचा डोळे झोंबवणारा वास. एक भिंत सहा इंच सरकवायची तर अर्धा दिवस जायचा. त्यामुळे घरवाला "हे जरा इकडे घ्या ना" म्हणाला की आम्ही आधी तोंड वाकडं करायचो आणि मग त्याला पटवायचो की आहे तेच बरं आहे. नुसतं बोलून नकाशा हलतो, याचं मला म्हणूनच भारी अप्रूप वाटतं. भाच्याच्या म्हणण्यातलं खरं निम्मं ते हे.

ही हौस आजची नाही. अमेरिकेत केंब्रिजच्या एमआयटीत टेरी विनोग्राड या संशोधकानं १९७० च्या सुमारास एक प्रोग्राम केला होता. पडद्यावर टेबल, टेबलावर रंगीत ठोकळे. साध्या इंग्रजीत सांगायचं, लाल मोठा ठोकळा उचल, निळ्यावर ठेव, आणि तो तसं करायचा. त्याची एक गोष्ट मला फार आवडते. पिरॅमिड एकाहून जास्त असले आणि तुम्ही नुसतं "पिरॅमिड उचल" म्हणालात, तर अंदाजानं एखादा उचलायचा नाही, कुठला म्हणताय ते समजलं नाही असं सांगायचा. आजचे त्याचे नातू असल्या वेळी बेधडक उचलतात.

त्याच संस्थेत, त्याच काळात निकोलस निग्रोपाँटे हा शिक्षणानं वास्तुकार असलेला माणूस याच प्रश्नामागे लागला होता. सहकारी लिऑन ग्रॉइसरसोबत त्यानं 'अर्बन ५' नावाची व्यवस्था उभारली. आयबीएमचा पडदा, हातात प्रकाशाचं पेन, पडद्यावर दहा फुटी घनांची घरं रचायची, आणि मशीन मधेमधे इंग्रजीत लिहून टोकायचं की तू आधी मागितलंस एक आणि आता रचतोयस दुसरंच. १९७० मध्ये त्यानं 'द आर्किटेक्चर मशीन' हे पुस्तक लिहिलं. मशीननं हुकूम झेलणारा गडी होऊ नये, वास्तुकाराचा सोबती व्हावं, त्याची चाल ओळखावी, उलट प्रश्न विचारावेत, ही त्यातली कल्पना. 'अर्बन ५' मध्ये ते साधलं नाही, हेही त्यानं प्रांजळपणे लिहिलं. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या ज्यूइश म्युझियममध्ये या मंडळींनी काचेच्या पेटीत छोट्या घनांची वस्ती रचून तीत जर्बिल, म्हणजे वाळवंटी उंदरासारखे प्राणी सोडले. उंदीर घन पाडणार आणि यांत्रिक हात त्यांची आवड ओळखून पुन्हा रचणार, असा बेत. रहिवाशांना विचारता येत नसेल तर घर कसं बांधायचं, याचं इतकं विनोदी उदाहरण मला दुसरं माहीत नाही. पुढे १९८० मध्ये तिथल्याच रिचर्ड बोल्टनं भिंतीएवढ्या पडद्यासमोर खुर्चीत बसून, बोट दाखवून "ते तिथे ठेव" म्हटलं की वस्तू हलते, हे करून दाखवलं. नुसत्या शब्दांनी भागत नाही, बोटही लागतं, हे त्या माणसाला तेव्हाच कळलं होतं. आपला गवंडी आजही "हितनं तितपर" म्हणतो तेव्हा वाक्याचा अर्धा अर्थ त्याच्या बोटात असतो.

आता भाचा नेमकं कशाबद्दल बोलतोय ते बघू. एकाच नावाखाली दोन निरनिराळे धंदे चालतात.

पहिला चित्रांचा. २०२२ मध्ये मिडजर्नीसारखे प्रोग्राम सर्वांच्या हाती आले. "कोकणातलं कौलारू घर, पावसाळी संध्याकाळ" असं लिहायचं, की चार चित्रं हजर. हा प्रोग्राम नुसत्या ठिपक्यांच्या गोंधळापासून सुरुवात करतो आणि तुमच्या शब्दांच्या रोखानं गोंधळ थोडा थोडा निवळत नेतो, शेवटी चित्र उरतं. वास्तुकार झाहा हदीद यांनी उभारलेल्या लंडनच्या कार्यालयासारखी बडी मंडळीही सुरुवातीच्या कल्पनांसाठी त्याचा वापर करतात आणि तसं उघड सांगतात. चित्र म्हणून ते देखणंच असतं. पण त्यामागे घर नाही. मला मिळालेल्या चित्रात पागोळ्या थेट ओटीवर बसलेल्या माणसाच्या डोक्यावर गळत होत्या, आणि जिना वर जाऊन भिंतीला टेकला होता. मिस्त्रीला ते दाखवलंत तर तो मान डोलावेल आणि त्याला येतं तेच घर बांधेल.

दुसरा धंदा जास्त कामाचा, आणि त्याची जाहिरात कमी. यात यंत्राला घर काढायला सांगायचंच नाही. घर काढणाऱ्या प्रोग्रामला सूचना लिहून दे, असं सांगायचं. रायनो, ब्लेंडर, रेव्हिट या नकाशाच्या प्रोग्रामांना पायथॉन नावाच्या संगणकी भाषेत हुकूम देता येतात आणि ती भाषा या बोलक्या यंत्रांना उत्तम लिहिता येते. प्रत्येक खोली म्हणजे चार आकडे : कोपरा कुठे त्याचे दोन, लांबी, रुंदी. तुम्ही म्हणालात "न्हाणीघर दोन फूट पूर्वेला घे", की यंत्र त्यातला एक आकडा बदलतं, नकाशाचा प्रोग्राम तो पुन्हा आखतो, आणि दोन खोल्या एकमेकींवर चढल्या तर तसं सांगतो. हिशेब अंदाजाच्या हाती राहत नाही, गणिताच्या हाती जातो. तुमचीच यादी, जिन्यासकट, मी या वाटेनं घालून बघितली, भिंती नऊ इंच धरायला सांगून. या वेळी दिलगिरी वगैरे काही नाही. एक ओळ आली : ९५ चौरस फूट जास्त होतात. इतकं समाधान मला त्या रविवारी दुसऱ्या कशानं झालं नाही.

तरी ओटीचा प्रश्न उरतोच. खोल्यांची मांडणी शिकण्यासाठी संशोधकांकडे नकाशांचे मोठे साठे आहेत, आणि ते कुठले आहेत हे कळलं की पुष्कळ उलगडा होतो. एक नावाजलेला साठा फिनलंडमधला, ५,००० नकाशांचा. त्यात संडास, बेसिन, कपाट, शेकोटी यांच्या खुणांबरोबर एक खूण खास आहे : सौना घेताना बसायचं बाक. दुसरा आशियातल्या फ्लॅटचा, ८०,००० हून जास्त नकाशांचा. त्यात दिवाणखाना, मुलांची खोली, अभ्यासिका, बाल्कनी सगळं आहे. देवघर नाही. ओटी, पडवी, माजघर, परसदार कशाला असेल? ज्याला फिनलंडच्या घामाच्या बाकाची खूण पाठ आहे त्याला तुमच्या देवघराची नाही, आणि मग तो ते जिन्याखाली ढकलतो. माझ्या पहिल्या यादीत त्यानं ते खरोखर तिथेच ढकललं होतं. जिना काढल्यावर देवघर कशाखाली, हे मी विचारलं नाही.

इथे एका जुन्या गोष्टीची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. ख्रिस्तोफर अलेक्झांडर हा व्हिएन्नात जन्मलेला, हार्वर्डला शिकलेला तरुण वास्तुकार १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातेत बावरा नावाच्या खेड्यात येऊन राहिला. वस्ती सुमारे ६००. खेड्याची पुनर्रचना करायची तर गावाला काय काय लागतं, हे त्यानं एकेक करून लिहिलं. १४१ गोष्टी भरल्या. घराचं दार दक्षिणेला नको ही त्यात आहे. मृतांची व्यवस्था आहे. अस्पृश्यता पाळली जाते हीसुद्धा नोंद आहे, कारण गाव कसं आहे ते लिहायचं होतं, कसं असावं ते नव्हे. मग कुठली गरज कुठल्या गरजेत गुंतली आहे ते ठरवून, त्यांचे गट पाडायचं काम त्यानं आयबीएमच्या संगणकाकडे दिलं. १९६४ च्या पुस्तकात हे सगळं सविस्तर आहे. संगणकानं केलं ते गट पाडणं. १४१ गोष्टी गोळा झाल्या त्या गावात राहून. पुढे त्यानं ती गणिती पद्धतही मागे टाकली आणि १९७७ मध्ये सहकाऱ्यांबरोबर 'अ पॅटर्न लँग्वेज' लिहिलं : घर, गल्ली, गाव यांच्या २५३ सूत्रांची एक भाषाच, घर बांधणाऱ्या सामान्य माणसानंही बोलावी अशी. गंमत म्हणजे ती आर्किटेक्टांपेक्षा सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी जास्त मनावर घेतली.

हे आठवलं आणि मी संध्याकाळी खेळ उलटा केला. प्रोग्रामला लिहिलं : आता एकही उत्तर देऊ नकोस. तू घर बांधणारा आहेस, मी घरवाला. नकाशा काढण्याआधी तुला जे जे कळायला हवं ते विचार, एका वेळी एकच प्रश्न.

आणि ताई, तोच प्रोग्राम एकदम शहाण्यासारखा बोलू लागला. पहिले दोन-तीन प्रश्न पुस्तकी होते, गाड्या किती वगैरे. मग आलं : घरातलं सर्वांत वयस्कर माणूस रात्री कितीदा उठतं आणि किती पावलं चालतं? मग : वर्षातून कोणत्या दिवशी या घरात सर्वांत जास्त माणसं झोपतात? मी थबकलो. गणपतीत मुंबईहून येणारे तुमचे चाकरमानी दीर-जावा-पुतणे डोळ्यांसमोर उभे राहिले. ओटी कशाला हवी याचं उत्तरच ते होतं, आणि तुम्ही पत्रात लिहिलेलं नव्हतं, कारण तुम्हाला ते इतकं माहीत आहे की लिहावंसं वाटलं नाही. सहावा प्रश्न असा होता : पुराचं पाणी जुन्या जोत्यावर किती फूट चढलं होतं?

सकाळपासून हाच प्रश्न यायला हवा होता. पूर शब्द पत्रात होता. सकाळी तो वाचून यंत्रानं पाच गुळगुळीत सूचना दिल्या होत्या, पाणी न शोषणारा रंग लावा इथपासून. जोतं तसंच ठेवावं का, हे मात्र विचारलं नव्हतं, कारण तुम्ही "ठेवायचं" म्हणाला होतात आणि होला हो करायची त्याला खोड आहे. चांगला आर्किटेक्ट पहिल्याच भेटीत इथे अडला असता. जोतं भक्कम आहे हे खरं, पण पाणी त्याच्यावर कमरेएवढं चढत असेल तर भक्कमपणाचा उपयोग काय?

म्हणून माझा सल्ला असा. भाच्याला बसवा, पण नकाशा मागू नका. यंत्राला प्रश्न विचारायला लावा आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून उत्तरं द्या, जावेलाही विचारा, स्वयंपाकघराबद्दल तर आधी तिलाच. दोन संध्याकाळी जातील. जी उत्तरं येतील ती चार-पाच पानं छापून घ्या. ती घेऊन आर्किटेक्टकडे जा. त्याचे पैसे वाचणार नाहीत. त्याच्या चार चकरा वाचतील. १९७२ च्या कायद्यानं देशात नोंदणी झालेल्या माणसालाच स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येतं, आणि स्लॅबला तडा गेला तर जाब विचारायला कागदावर कुणाची तरी सही लागते. यंत्र सही करत नाही.

पूररेषांचंही त्याला विचारू नका. निळी रेषा २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, एवढं ते बरोबर सांगेल. तुमचे दोन गुंठे त्यांच्या कुठल्या बाजूला आहेत, ते नगरपरिषदेतच कळेल. आणि घर उतरवायच्या आधी एक करा. भिंतीवर कुठे त्या पुराची मातकट रेघ अजून राहिली असेल. जोत्यापासून ती टेपनं मोजा आणि आकडा लिहून ठेवा. भिंत पडली की ती रेघही गेली.

प्रश्न : माणूस नकाशाशी बोलतो हे ठीक. पण उद्या बांधलेलं घरच माणसाशी बोलायला लागलं आणि आपल्या बोलण्याप्रमाणे बदललं तर? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : याचाही एक पूर्वज आहे आणि तो भारी विक्षिप्त आहे. सेड्रिक प्राइस या इंग्रज वास्तुकारानं १९७६ मध्ये फ्लोरिडातल्या एका जंगली मळ्यासाठी 'जनरेटर' नावाची वास्तू आखली. उचलून हलवता येतील असे घन, पडदे, पायवाटा, आणि ते हलवायला कायमची एक क्रेन. पाहुण्यांनी सांगावं, आज आम्हाला एकांत हवा, उद्या गप्पांचा फड, आणि तशी रचना व्हावी. जॉन आणि ज्युलिया फ्रेझर या दांपत्यानं त्यासाठी संगणकाचा भाग बघितला. प्रत्येक तुकड्यात छोटी चिप, म्हणजे कोण कुठे आहे ते वास्तूला कळेल. त्यांच्या ध्यानात आलं की माणसं आळशी असतात, एकदा बसली की काही बदलायला सांगायची नाहीत. म्हणून त्यांनी सुचवलं की बराच काळ कुणी हलवलं नाही तर वास्तूला कंटाळा यावा आणि तिनं आपणच नवी मांडणी पुढे करावी. कंटाळणारं घर! ते बांधलं कधीच गेलं नाही.

आज दिवा-पंखा आवाजावर चालतात, आणि भाषेची नवी यंत्रं त्यात आली की "जरा उकडतंय" एवढ्यावर खिडकी उघडेल, यात मला नवल वाटत नाही. पण भिंत सरकवायला मोटर लागते, मोटरला वीज, आणि मोटर बिघडली की मेकॅनिक. तुमच्या गोव्यातला बाल्कांव मला या बाबतीत जास्त हुशार वाटतो. दारापुढे छप्पर, समोरासमोर दोन दगडी बाकं, आणि रस्त्यानं जाणाऱ्याशी बोलायची सोय. बोलणारं घर ते हेच, वायरिंगशिवाय.

प्रश्न : आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वर्गातली मुलं जुरीला एआयची चित्रं लावतात आणि माझ्या हातानं काढलेल्या शीट त्यापुढे फिक्या पडतात. मीही तेच सुरू करू का? (एक विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : लाव की. पण चित्राशेजारी त्याच इमारतीचा सेक्शन, म्हणजे उभा छेद, स्वतः काढून लाव, जिन्याच्या मधून कापलेला, पायरीची उंची आणि डोक्यावरची जागा लिहून. ज्या चित्राचा सेक्शन निघत नाही ते फाडून टाक. जुरीत कुणी हे विचारत नसेल तर जुरीचं चुकतंय. आणि यंत्राशी बोलताना वाक्यं नीट लिहायला शीक. "भव्य, आधुनिक, हिरवंगार" असली विशेषणं घालून काही मिळत नाही. उंबरठा किती उंच, ऊन किती वाजता कुठवर येतं, हे लिहिलंस की यंत्राचंही उत्तर सुधारतं. तुझ्या गावातल्या सुतारांशी बोल. खण, तुळई, आढं, माळवद हे शब्द त्यांच्याकडून मापासकट घे.

आता वाचकांकडे एक मागणं. खण हे माप लाकडाच्या लांबीवर ठरायचं, त्यामुळे ते गावोगाव वेगळं. तुमच्या जुन्या घरात दोन खांबांमध्ये किती फूट-इंच अंतर आहे ते मोजून, गावाच्या नावासह आणि घरातल्या जागांना तुमच्याकडे काय काय म्हणतात त्यासह, पोस्टकार्डावर कळवा. येतील तेवढी सगळी मापं पुढच्या सदरात छापू.